दाखलखारीज आणि सूचनावही

स्मरणिकेत शाळेचा इतिहास म्हटला की इमारतीची पायाभरणी, मुख्याध्यापकांची परंपरा आणि गुणवंतांची नावे ही ठरलेली वाट. ती बाजू या अंकात इतरांनी सांभाळली आहेच. मला लिहायचे आहे ते शाळेच्या कपाटातल्या दोन वह्यांबद्दल. वऱ्हाडातल्या कोणत्याही प्राथमिक शाळेत, मग ती अमरावतीकडची असो की अकोल्याकडची, या दोन्ही वह्या असायच्याच. एक दाखलखारीज रजिस्टर, दुसरी सूचनावही. पहिलीत कोण शाळेत आले ते कळते. आलेल्याला शाळेने आपले मानले की नाही, याचा थोडाफार सुगावा दुसरीत लागतो.

आधी दाखलखारीज. जाड पुठ्ठ्याचे, आडव्या रकान्यांचे हे रजिस्टर: नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण. एखाद्या शंभरी गाठलेल्या शाळेचे रजिस्टर उघडले आणि नुसता जातीचा रकाना वाचत गेले तरी वऱ्हाडाचा सामाजिक इतिहास डोळ्यांपुढून सरकतो. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. सरकारी शाळा गावोगाव निघाल्या, कायद्याने त्या सर्वांसाठी होत्या. पण कायद्याचा दरवाजा आणि गावाचा दरवाजा एकाच दिवशी उघडत नाहीत. ज्या गावात विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्या गावात वर्गात शेजारी बसू देतील कसे?

म्हणूनच आपल्याकडे समावेशक शिक्षणाचा इतिहास विहिरीपासून सुरू करावा लागतो. १९२७ साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला. त्याच सुमारास पापळच्या पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. १९२६ च्या डिसेंबरात हत्या झालेल्या स्वामी श्रद्धानंदांचे नाव त्यांनी मुद्दाम दिले. सर्व जातींची मुले तिथे एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत. खर्च चालायचा मुष्टिफंडावर, म्हणजे घरोघरी मूठ-मूठ धान्य मागून. १९२८ मध्ये पंजाबराव जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय घेतला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणूनही त्यांनी जोर लावला. १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना तसा अधिकार होता, पण कर वाढवण्याची तयारी फार थोड्यांची असे. पंजाबरावांचे कृषिमंत्रिपद सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र त्यांची ही कौन्सिलातली वर्षे जास्त मोलाची वाटतात.

त्यानंतरची पानेही भराभर उलटता येतात. १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आले, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६२ पासून खेड्यातल्या शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या. दाखलखारीजचे रकाने भरत गेले. मुलींची नावे वाढली, तांड्यावरची आली, मेळघाटात कोरकू मुलांची आली. आणि 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकानाही तितक्याच वेगाने भरू लागला. 'सतत गैरहजर' हे त्यातले सर्वांत सोयीचे कारण. मूल का गैरहजर राहिले, हे त्या दोन शब्दांत मावत नाही.

इथे दुसरी वही कामाला येते. सूचनावही आपल्यापैकी बहुतेकांना आठवते ती सुट्टीच्या निमित्ताने. शिपाईकाका दारात उभे राहिले की वर्ग चिडीचूप. गुरुजी खडू ठेवून वाचत, सही करत, आणि मग चेहऱ्यावर काही न दाखवता "उद्या सुट्टी" म्हणत. पण ज्या सूचना आपल्याला वाचून दाखवल्या जात नसत, त्यांत नेमाने येणारी एक असे: शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर्व शिक्षकांनी सभेस थांबावे. या सभेत आठवड्याचे टाचण तपासून घ्यायचे, हजेरीचा आकडा सांगायचा, वरून आलेली पत्रके ऐकायची. रूक्षच काम. तरी ज्या शाळेत मुख्याध्यापक जाणता असे, तिथे टाचणावर सह्या झाल्यावर एखादा प्रश्न निघे: तिसरीतला तो पोरगा बोलत काहून नाही?

या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडात अनेकदा भाषेत सापडते. घरी 'मले', 'तुले', 'काहून' बोलणारे मूल पुस्तकात 'मला', 'तुला', 'का' पाहते. तोंड उघडले की 'अशुद्ध बोलू नको' ऐकते, आणि मग तोंड उघडतच नाही. ज्या वऱ्हाडात रिद्धपूरला म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, आणि जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, तिथल्या लेकरांना त्यांची बोली गावंढळ म्हणून सांगितली जावी, ही गंमत नव्हे. चांगल्या गुरुजींची रीत वेगळी होती. आधी पोराला त्याच्या बोलीत पूर्ण गोष्ट सांगू द्यायची, मध्ये टोकायचे नाही. मग तीच गोष्ट फळ्यावर पुस्तकी मराठीत लिहायची आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. 'मले' खोडला जात नसे, त्याच्याजवळ 'मला' येऊन बसत असे. गणितातही तेच. दशक-एकक शिकवायला विकतचे साहित्य नव्हते, पण पऱ्हाटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि मूठभर सरकी कोणत्याही घरातून येई. ज्याला फळ्यावरची बेरीज जमत नव्हती, त्याला गठ्ठा सोडला की हातचा समजे.

मेळघाटात प्रश्न आणखी खोल. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली भाषा. संथाली-मुंडारी या तिच्या बहिणी, पार झारखंडकडे. तिच्यात एकवचन आणि अनेकवचन यांच्या मधोमध द्विवचन आहे, आणि मराठीसारखे स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही, सजीव-निर्जीव असा भेद आहे. म्हणून धारणी-चिखलदऱ्याचे मूल 'गाय आला' म्हणते. हे माहीत नसलेला शिक्षक त्याला कच्चे ठरवतो. माहीत असलेला शिक्षक त्या वर्षापुरते लिंग सोडून देतो आणि अर्थ पकडतो. एका शिक्षकाला हे कळले आणि शनिवारी त्याने ते चौघांना सांगितले, तर चार वर्गांचे भले होते. न सांगता तो बदलून गेला, तर नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आठवड्याच्या सभेची खरी किंमत एवढीच आहे, आणि ती थोडी नाही.

गैरहजेरीचेही तसेच. कापूस फुटला की वेचणीला घरातले सगळे हात लागतात, धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण घरी राहते. दिवाळीनंतर मेळघाटातली कुटुंबे कामासाठी खाली सपाटीवर उतरतात आणि होळीला परततात, कारण होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. ज्या शाळेने हे वेळापत्रक ओळखले, तिने परतलेल्या मुलांसाठी मागचे पाठ पुन्हा घेतले. पुढे सर्व शिक्षा अभियानात स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आली, तीही याच अनुभवावर.

अपंग मुलांची नोंद सर्वांत उशिरा झाली. केंद्राची एकात्म शिक्षण योजना १९७४ ची, पहिला व्यापक कायदा १९९५ चा. त्यात सात प्रकारची अपंगत्वे मोजली होती, २०१६ च्या कायद्यात ती एकवीस झाली. तोवर ज्याला फळा दिसत नव्हता त्याला 'लक्ष नाही' आणि ज्याला ऐकू येत नव्हते त्याला 'बह्याड' म्हणून मोकळे होत. पहिल्या बाकावर बसवणे, बोलताना पाठ न फिरवणे, फळ्यावर लिहिताना मोठ्याने वाचणे, यांना पैसा लागत नाही. लागते ती कुणीतरी ओळखण्याची आणि पुढच्या गुरुजींना सांगण्याची. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस, अपंग मुलांना आपले आडनाव दिले. त्यांतली दृष्टिहीन माला पापळकर अमरावतीत शिकली आणि २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्या यशाच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. तिला अभ्यास वाचून दाखवणाऱ्यांची नोंद मात्र कोणत्या रजिस्टरात असेल?

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे त्याने शिक्षकाचे कर्तव्यच केले. शिक्षकाच्या आठवड्याचे ४५ तास त्यात धरले आहेत, आणि त्यांत तयारीचा वेळ मोजला आहे, ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. कायद्याने तयारीला वेळ दिला, पण तो वेळ माहिती भरण्यात जातो. आज आठवड्याची सभा मोबाईलवरच्या गटात होते. रात्री दहा वाजता येते: अमुक माहिती उद्या अकरापर्यंत ऑनलाईन भरावी. पूर्वीही पत्रके वरूनच येत, तक्रार त्याची नाही. पूर्वीच्या सभेत बातमी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायची, आता ती फक्त वर जाते. केंद्रातल्या दहाएक शाळांच्या शिक्षकांना एकत्र बसवणाऱ्या मासिक शिक्षण परिषदा अजून भरतात, आणि त्यांत जिथे शिक्षक मुलांबद्दल बोलतात तिथे काम दिसतेही. पण महिना म्हणजे पहिलीतल्या मुलासाठी फार मोठा काळ.

आता एक व्यवहाराची गोष्ट. दाखलखारीज हे कायमचे दप्तर, ते कधी नष्ट करायचे नसते. सूचनावही आणि टाचणाच्या वह्यांना ते भाग्य नाही, मुदत संपली की त्या रद्दीत जातात. आपल्यापैकी पुष्कळ जण पुढे शिक्षक झाले, काही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. कुणाच्या माळ्यावर टाचणाची एखादी जुनी वही, सभेच्या इतिवृत्ताची चार पाने, समासात पेन्सिलीने लिहिलेले एखादे नाव शिल्लक असेल, तर स्नेहसंमेलनाला येताना पिशवीत टाकून आणा. संपादक मंडळाने त्यांचे फोटो काढून ठेवण्याची सोय केली आहे, मूळ वही ज्याची त्याला परत मिळेल.