तडकलेला पेला

कातीव लाकडी वाडग्याला तडा गेला की आजचे कारागीर त्यात रंगीत इपॉक्सी भरून तो पुन्हा लेथवर चढवतात. भेग लपत नाही, उठून दिसते. मला आठवतो सहीह बुखारीतला पेला.

पैगंबरांचा (स.) रुंद लाकडी पेला तडकला, तो चांदीने सांधला गेला. सांधला कुणी, स्वतः पैगंबरांनी की त्यांचे सेवक हजरत अनस यांनी, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. चांदीच्या भांड्यातून पिणं तर निषिद्ध! इमाम अबू हनीफांनी सांध्याला ओठ न लावता प्यायची मुभा दिली. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ यांना तेही नापसंत.

मला मात्र कड्याची गोष्ट जास्त आवडते. पेल्याचं कडं लोखंडी होतं. अनस यांना तिथे सोन्याचं किंवा चांदीचं बसवायचं होतं. सावत्र वडील अबू तल्हांनी अडवलं: पैगंबरांच्या हातचं बदलायचं नाही. कडं लोखंडीच राहिलं.