स्टेशनची पेठ आणि स्वतंत्र व्यापारी : लासूर स्टेशनच्या निमित्ताने

स्थानिक व्यापारास आश्रय द्यावा, हे तत्त्व सामान्यतः स्वयंसिद्ध मानले जाते. तथापि ‘स्थानिक’ कोणास म्हणावे आणि आश्रय व्यापाऱ्यास द्यावा की व्यापाराच्या रीतीस, हे प्रश्न पेठांच्या इतिहासाकडे वळल्यावाचून सुटत नाहीत. मराठवाड्यातील रेल्वेकाठच्या पेठा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत. गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन ही अशीच एक पेठ होय.

या पेठेचे नावच तिची उत्पत्ती सांगते. मूळचे लासूरगाव शिवना नदीकाठी, वैजापूर तालुक्यात आहे. दाक्षायणी देवीचे स्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. स्टेशनाने नाव त्याचे घेतले, पण वस्ती स्वतःची वसवली. निजामाच्या राज्यातील मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरमापी मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. रोटेगाव, परसोडा, करंजगाव, लासूर, पोटूल, दौलताबाद अशा स्टेशनांच्या या मालिकेने काळ्या जमिनीच्या प्रदेशास मुंबईच्या कापूसबाजाराशी जोडले. सरकीसह कापूस हा अवजड व फुगीर माल. वजनाने त्यात रुई साधारणतः एक-तृतीयांश, उरलेली बहुतेक सरकी. तो पिंजलेल्या व दाबलेल्या गाठींच्या रूपाने पाठवणेच किफायतीचे ठरे. म्हणून अशा पेठांतून रुळांच्या आसपास वखारी, आडतीची दुकाने आणि जिनिंगचे कारखाने उभे राहत गेले.

शिवाय हा मार्ग मनमाडजवळ दोन राज्यव्यवस्थांची सीमा ओलांडीत असे. अलीकडे हाली सिक्का व करोडगिरी, पलीकडे कलदार रुपया व इंग्रजी कायदा. नाण्यांचा वटाव, जकातीची रीत आणि पल्ला-मण-शेर यांची स्थानिक मापे ज्यास तोंडपाठ, त्या आडत्याचे महत्त्व साहजिकच वाढले. मुंबईच्या मोठ्या पेढीस येथे त्याच्यावाचून व्यवहार करणे कठीण होते.

या आडत्याचे दुकान म्हणजे एका छपराखाली दोन धंदे होते. पेरणीच्या वेळी बियाणे, कापड, किराणा व रोकड यांची उचल तोच देई, आणि सुगीला माल त्याच्याच दारी उतरे. धनको आणि विक्रीचा मध्यस्थ एकच असल्याने शेतकऱ्यास दुसरे दुकान पाहण्याचे स्वातंत्र्य उरत नसे. त्यातच आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशी कापणी. आणि रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा भाव ज्याच्या मालाचा, त्यासच न कळणारा. गोदावरीपलीकडील अहमदनगर जिल्ह्यात व पुणे जिल्ह्यात १८७५ साली रयतेने सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या दंग्यांचा रोख मुख्यतः मारवाडी व गुजर दुकानदारांवर होता. परंतु त्यामागील वैर केवळ परकेपणाचे होते असे म्हणणे अपुरे ठरेल. रोष प्रामुख्याने दस्तऐवजांवर होता. त्यावरून एवढे दिसते की गावात दुकान असणे आणि गावाशी बांधीलकी असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

या विषम संबंधावर उपाय म्हणून नियंत्रित बाजाराची कल्पना पुढे आली. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये पहिला नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी स्वतंत्र कायदा झाला. हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये आपला शेतमाल बाजार कायदा केला. परवाना, ठरावीक आकार, प्रमाणित वजने आणि शेतकरी व व्यापारी या दोहोंचे प्रतिनिधित्व असलेली समिती ही या व्यवस्थेची मुख्य अंगे होत. तिने छोट्या व्यापाऱ्यास हद्दपार केले नाही. उलट उघड लिलावामुळे ज्याच्या दारी शेतकऱ्याची उचल नव्हती, अशा नव्या खरेदीदारासही बोली लावणे शक्य झाले. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने राज्यातील निरनिराळे कायदे एकत्र केले. लासूर स्टेशन येथील कृषी उत्पन्न बाजार समिती ही याच परंपरेतील संस्था आहे.

मात्र लिलाव उघड झाला तरी उचल सुटली नव्हती. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, व्यापारी व आडत्यांचा ५.५ टक्के, तर शेतकरी-सावकार व धंदेवाईक सावकार यांचा मिळून सुमारे ७० टक्के आढळला. सावकार व व्यापारी पुष्कळदा एकच असत, हे लक्षात घेता या आकड्यांचा अर्थ अधिकच गंभीर होतो.

१९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. हेतू शेतकऱ्यास मध्यस्थापासून सोडवण्याचा होता. खासगी जिनिंग कारखान्यांकडून ठरावीक दराने प्रक्रिया करून घेतली जाऊ लागली. म्हणजे कारखानदार मालक राहिला, पण कापसाचा व्यापारी राहिला नाही. शेतकऱ्यास हमी भाव मिळाला खरा, तथापि खरेदीदार एकच उरला आणि चुकाऱ्याच्या विलंबाची तक्रार वारंवार ऐकू येऊ लागली. २००२ च्या सुमारास खासगी खरेदीस पुन्हा वाव मिळाला. २०१६ मध्ये कांद्यासह फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. त्यामुळे आवाराबाहेर खरेदीचा मार्ग खुला झाला. पण समितीच्या आवारातील माप, लिलाव व चुकाऱ्याची हमी तेथे कोणी द्यावयाची, हा जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला.

या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीतून एक निष्कर्ष निघतो. स्थानिकत्व जन्माने किंवा दुकानाच्या पाटीने ठरत नाही. ज्याचे भांडवल आणि ज्याची पत ही दोन्ही एकाच पेठेत गुंतलेली आहेत, तो स्थानिक. अशा व्यापाऱ्यास आश्रय देण्याचा मार्ग म्हणजे त्यास मक्ता देणे नव्हे, तसेच त्यास बाजूस सारून सरकारने स्वतः मक्तेदार होणे हाही नव्हे. खरे माप, उघडी बोली, वेळेवर चुकारा आणि दुकानाबाहेर मिळणारे कर्ज या चार गोष्टी जेथे एकत्र असतील, तेथे शेतकऱ्यास दुकान निवडता येते; आणि जे दुकान निवडता येते, तेच टिकवण्यात पेठेचे हित असते.