ओपल : रत्न आणि माप

रत्नांच्या दुनियेंत हिरा, माणिक, पाचू यांचा मान मोठा. परंतु या सर्वांचे रंग एकाच खड्यांत खेळवितो तो ओपल. त्याचें नांवहि आपल्याला अगदीं परकें नाहीं. संस्कृतांतील ‘उपल’ हा शब्द ग्रीक व लॅटिन भाषांतून फिरून ‘ओपल’ झाला, असें अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. हा खडा दागिन्यासाठीं कसा निवडावा, आणि तो ठराविक मापाचा घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां सोनाराचा वाटतो. पण त्याच्या मागें मोठा इतिहास आहे.

इ. स. 79 मध्यें मृत्यु पावलेल्या प्लिनी या रोमन ग्रंथकारानें नोनियस नांवाच्या सरदाराची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याच्या अंगठींतील ओपलाची किंमत 20 लक्ष सेस्टर्स होती. मार्क अँटनीला त्या खड्याचा लोभ सुटला आणि नोनियसचें नांव वध्य ठरविलेल्यांच्या यादींत गेलें. घरदार सोडून तो पळाला. बरोबर नेली ती केवळ अंगठी. भारत हीच ओपलाची माता, असेंहि प्लिनी सांगतो. युरोपला मात्र पुढें कित्येक शतकें ओपल मिळत गेला तो आजच्या स्लोव्हाकियांतील, पण त्या काळीं हंगेरीच्या राज्यांत मोडणाऱ्या डुब्निकच्या खाणींतून. या खाणी 1922 सालीं बंद पडल्या. त्या जुन्या काळीं खड्याची लांबीरुंदी किती, हें कोणी विचारीत नसे. खडा जसा असेल तसें कोंदण घडे.

एकोणिसाव्या शतकांत हें नातें उलटें झालें. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम, जर्मनींतील फोर्झहाइम, अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स या शहरांतून ठशांवर दागिने निघूं लागले. एका ठशांतून हजार कोंदणें सारखीं निघत असतील, तर त्यांत बसणारे हजार खडेहि सारखेच हवेत. वजनाचेंहि तसेंच झालें. पूर्वीं गांवोगांवीं निरनिराळा असणारा कॅरट 1907 सालीं आंतरराष्ट्रीय परिषदेनें 200 मिलिग्रॅम ठरविला.

याच सुमारास ऑस्ट्रेलियाचा ओपल बाजारांत आला. 1889 सालीं टली वोलस्टन हा व्यापारी क्वीन्सलंडचे खडे घेऊन लंडनास गेला, तेव्हां तेथील जवाहिऱ्यांनीं त्यांच्या तेजाकडे प्रथम संशयानेंच पाहिलें. पुढें व्हाइट क्लिफ्स, काळ्या ओपलासाठीं लायटनिंग रिज आणि 1915 पासून कूबर पेडी या खाणी प्रसिद्धीस आल्या. तेथील बराच माल जर्मनींतील इडार-ओबरश्टाइन येथें घडविला जाई. तेथील कारागीर पिढ्यान् पिढ्या पाणचक्कीच्या दगडी चाकापुढें पालथे पडून अकीक घाशीत आले होते.

परंतु मापाला सहज वश होईल असा हा दगडच नव्हे. सिलिकेचे अतिसूक्ष्म गोल ओळीनें रचले जाऊन ओपलाचे रंग उमटतात, हें 1964 सालीं ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. हे रंग पुष्कळदां दगडांतील एका पातळ, वांकड्यातिकड्या थरांतच असतात. 8 × 6 किंवा 10 × 8 मिलिमीटरचा नेमका लंबगोल काढावयाचा, तर त्या थराचा कांहीं भाग साणेवर जातोच. म्हणून उत्तम माल कारागीर बहुधा त्याच्या स्वाभाविक आकारांतच ठेवतो. ठराविक मापांत येतो तो पुष्कळसा मध्यम प्रतीचा माल, किंवा काळ्या पाठीवर ओपलाचा पापुद्रा चिकटविलेला दुपदरी आणि वर स्फटिकाचें झांकण दिलेला तिपदरी खडा.

मग निवड कशी करावी? कानांतल्या जोडीसाठीं किंवा तयार कोंदणासाठीं मापाचा खडाच सोयीचा. पण माप लेबलावर वाचूं नये, मापकानें घ्यावें, आणि लांबीरुंदीबरोबर उंचीहि पाहावी. कडा फार पातळ असेल तर ती कोंदणांत दाबतांना तुटते. खडा कडेनें पाहावा. सरळ जोडरेघ दिसली तर तो दुपदरी असण्याचा संभव असतो, व असा खडा पाण्यांत भिजत ठेवूं नये. रंग दिवसाच्या उजेडांत, दिव्याखालीं आणि खडा सर्व बाजूंनीं फिरवून पाहावा. ओपल स्फटिकाहून मऊ असतो, त्याच्या अंगांत पाणी असतें, आणि एकाएकीं उष्णता लागली तर तो तडकतो. म्हणून रोजच्या अंगठीपेक्षां पदकांत किंवा कर्णभूषणांत तो अधिक सुखरूप राहतो. डागकाम खडा बसविण्यापूर्वींच उरकलेलें असावें.

आणि खडा खरोखरच असामान्य असेल, तर माप विसरावें. आपल्याकडील कुंदनकामांत शुद्ध सोन्याचा पत्रा खड्याभोंवतीं दाबून बसवितात. सोनें खड्याच्या आकाराप्रमाणें वळतें, खड्याला सोन्याप्रमाणें कापावें लागत नाहीं. मापानें दागिना स्वस्त झाला आणि सामान्य घरांत पोंचला, हा त्याचा उपकार कोणीहि नाकारूं नये. परंतु साणेवर गेलेला रंग पुन्हां येत नाहीं. जेथें सोनें वळूं शकतें तेथें दगड झिजवूं नये, एवढें तारतम्य घेणाऱ्यानें राखलें, तर सोनारहि तें आनंदानें राखील.