सूची भरताना जोडणी तुटते तेव्हा
संकेतस्थळावरील शोध जलद व्हावा, यासाठी माय-एसक्यूएलमधील नोंदी 'अपाची सोलर' या शोधप्रणालीच्या सूचीत भरल्या जातात. लाखो नोंदींची ही आयात कधी मध्येच तुटते. दोष नेटवर्कचाच असतो, असे नाही. नोंदी एकेक करून प्रवाहरूपाने येत असताना सोलर सूचीचे तुकडे एकत्र करण्यात गुंतला, की वाचन थांबते आणि ताटकळलेला सर्व्हर जोडणी बंद करतो. माय-एसक्यूएलची ही 'नेट राइट टाइमआउट' मर्यादा मुळात ६० सेकंदांची असते. जावाचा ड्रायव्हर प्रवाही वाचनासाठी ती ६०० करतो. लॉगमध्ये तेवढ्याच विरामानंतर खंड दिसल्यास मर्यादा वाढवावी किंवा क्रमांकांनुसार टप्प्याटप्प्याने आयात करावी. आयात पूर्ण होईपर्यंत जुनी सूची पुसू नये. अन्यथा वाचकाला शोधाचे उत्तर रिकामे मिळण्याचा धोका राहतो.