फ्रिजच्या दाराला कडी का नसते?

दूध लवकर नासतंय, फ्रीजरमध्ये बर्फाचे थर चढतायत, मशीन दिवसभर थांबत नाही, असं झालं की आपण म्हणतो, गॅस गेला. पण आधी दार बघा. दाराच्या कडेने मऊ रबर असतं ना, त्याच्या पोटात चुंबकाची पट्टी असते. ती तिथे कशी आली, ते आज सांगते.

पूर्वी अमेरिकेत फ्रिजच्या दाराला खटक्याची कडी असे. बाहेरून दांडा ओढला तरच दार उघडायचं, आतून नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरोघर नवे फ्रिज आले, जुने परसात नाहीतर उकिरड्यावर पडले. लपाछपी खेळणारी लेकरं त्यात जाऊन बसायची आणि खटका लागायचा. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून केलेली ती पेटी. हवा आत येत नाही, हाकही बाहेर ऐकू येत नाही. कितीतरी मुलं अशी गेली.

मग 1956 साली तिथे कायदा झाला, की घरगुती फ्रिज आतूनही उघडला पाहिजे. 1958 च्या ऑक्टोबर अखेरपासून तो लागू झाला. केवढ्या जोराने दार उघडावं हे ठरवायला 2 ते 5 वर्षांच्या 201 मुलांची पाहणी केली होती. मुलं आत, लक्ष ठेवणारी माणसं बाहेर. कुणी दार ढकललं, कुणी आतली मूठ फिरवून पाहिली आणि काही नुसतीच बसून राहिली. मला ते नुसतं बसून राहणंच फार टोचलं. चुंबकाची पट्टी दार घट्ट धरते, पण आतून ढकललं की सोडते. म्हणून ती सगळीकडे आली.

आता आपल्या फ्रिजचं. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निसटला तर तिथून गार हवा जाते. रबराच्या घड्यांत सांडलेलं दूध, लोणच्याचं तेल चिकटतं; कोमट साबणपाण्याने पुसून कोरडं करा. रबर दुमडलं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ धरा, मऊ होऊन सरळ होतं. फ्रिज किंचित मागे कललेला ठेवा. रबर फाटलंच असेल तर मॉडेल नंबर सांगून नवं बसवून घ्या.

पण दार राहत नाही म्हणून दोरी बांधणं किंवा बाहेरून कडी ठोकणं, हे मात्र नको. बंद पडलेल्या फ्रिजचं आपण कपाट करतो, धान्य ठेवतो, उंदीर जाऊ नये म्हणून कडी लावतो. कायद्याने काढलेली कडी आपणच परत बसवतो की! त्यापेक्षा दार काढूनच टाका आणि धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. वरच्या बिजागराचे स्क्रू सोडवले की दार उचलून निघतं. जड असतं, धरायला दुसरी बाई हवी.