मण्यांतून वाचलेले हात

काचेच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी आधी केळणा नदीकाठी, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला नेईन. सांची आणि भारहुतच्या दानलेखांत येणारे भोगवर्धन ते हेच. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांचा अहवाल पुढच्याच वर्षी निघाला. पाँपेईच्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली मूर्ती इथे मिळाली आणि साऱ्यांचे लक्ष तिच्यावर खिळले. सातवाहनकाळातले काचेचे मणी त्यामानाने दुर्लक्षित राहिले. माझ्या लेखी मोल त्यांचेच अधिक.

त्या काळाचा मणी भिंगाखाली धरा. आतले बुडबुडे वेजाला समांतर, लांबट असतील तर तप्त काचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे केलेले असतात. या कामाला मोठी भट्टी आणि जोडीदार लागतात. बुडबुडे वेजाभोवती फिरत असतील तर काचेचा रस सळईवर गुंडाळलेला असतो, आणि हे काम एकटा माणूस लहान आचेवर करू शकतो. रंगही बोलतो. तांब्याने काच हिरवट निळी होते. तेच तांबे हवा कोंडलेल्या, धुरकट भट्टीत लाल रंग देते. लाल मणी घडवणाऱ्याला आच हुकमी राखता येत होती, एवढे तरी ठामपणे म्हणता येते.

आधुनिक काचकलेत गोष्ट वेगळी. अमेरिकेत टोलेडो येथे १९६२ साली हार्वे लिटलटन यांनी लहान भट्टी उभारली आणि कलावंताने कारखान्याबाहेर स्वतः काच घडवण्याची चळवळ सुरू झाली. तिच्यातल्या कलावंतांची चरित्रे मुलाखती आणि प्रदर्शनांच्या आधारे लिहिता येतात. सातवाहनकाळच्या मणिकाराची कारकीर्द मात्र त्याच्या मालातूनच उलगडावी लागते, आणि या विषयाची खरी गोडी मला तिथेच लागली.

मोरेश्वर दीक्षितांचा भारतीय काचेचा इतिहास १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आजही सुरुवात तिथूनच करावी. त्यासोबत ‘पेरिप्लस’ हा प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शक ग्रंथ वाचावा. कच्ची काच भडोच बंदरात उतरे आणि पैठणचा माल त्याच बंदराकडे जाई, हे त्यात नोंदले आहे. म्हणून मण्याची काच इथल्या खारमातीची की समुद्रापलीकडची, हे रासायनिक पृथक्करण करूनच ठरवावे लागते. पहिले प्रकरण उघडताना दहापट मोठे दाखवणारे भिंग मात्र हाताशी असू द्या.