पिठाच्या जाहिरातीवरचा चेहरा

आठवडी बाजारात भाजी विकताना, नळावर, दिंडीत, रोजगार हमीच्या कामावर कुणीतरी मोबाईल वर करतं आणि आपला फोटो काढतं. आपण पदर ओढून "नको हो" म्हणतो. समोरचा हसून म्हणतो, "फोटोच तर आहे, त्यानं तुमचं काय झिजणार आहे?" मोबाईल नवा असला तरी हा वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे. तो कोर्टापर्यंत नेणाऱ्या एका मुलीची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

पूर्वी फोटो काढायचा म्हणजे स्टुडिओत जाऊन न हलता बसावं लागे. कॅमेरा मोठा, तीन पायांच्या घोडीवर ठेवलेला. त्यामुळे आपला फोटो निघतोय हे समोरच्याला कळायचंच. १८८८ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाचा कॅमेरा बाजारात आणला. हातात मावणारी पेटी, आत शंभर फोटोंची फिल्म आणि किंमत २५ डॉलर. फिल्म संपली की पेटीच कंपनीकडे पाठवायची; फोटो धुऊन आणि नवी फिल्म भरून ती परत यायची. मग काय, रस्त्यावर, समुद्रकिनारी, न विचारता कुणाचाही फोटो निघू लागला. लोक वैतागले. १८९० साली सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी कायद्याच्या मासिकात लिहिलं, की माणसाला त्याच्या वाटेनं निवांत राहू देणं हा त्याचा हक्क आहे आणि कायद्यानं तो मानला पाहिजे. अशा झटपट फोटोंचा उल्लेख त्यांनी मुद्दाम केला होता.

त्याच रॉचेस्टर शहरात अ‍ॅबिगेल रॉबर्सन नावाची मुलगी राहत होती. कायद्यानं अजून सज्ञान झालेली नव्हती. एका पीठगिरणीनं तिचं चित्र आपल्या पिठाच्या जाहिरातीवर छापलं, एक ना दोन, २५,००० प्रती. दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांतसुद्धा त्या लागल्या. तिला कुणी विचारलं नव्हतं. चित्रात वावगं काही नव्हतं, उलट ते सुरेखच होतं. पण ओळखीचे लोक तिला पाहून टोमणे मारू लागले. तिनं अंथरूण धरलं, डॉक्टर बोलवावा लागला. मग तिच्या वतीनं खटला भरला गेला: ही छपाई थांबवा आणि १५,००० डॉलर भरपाई द्या.

खालच्या कोर्टांत तिची बाजू टिकली. पण १९०२ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टात तीन न्यायाधीश तिच्या बाजूनं आणि चार विरोधात गेले. निकाल मुख्य न्यायाधीश अल्टन पार्कर यांनी लिहिला. असा हक्क कायद्यात कुठेच नाही, तो मान्य केला तर खटल्यांचा पूर येईल, असं त्यांचं म्हणणं. आपल्या रूपाची ही तारीफच आहे, असं दुसरी एखादी मानली असती, असंही त्यांनी लिहिलं. म्हणजे "त्यात काय झिजतंय" हेच, फक्त कोर्टाच्या भाषेत.

या निकालावर मोठी टीका झाली. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, राज्याच्या विधिमंडळानं कायदा केला: जाहिरातीसाठी किंवा धंद्यासाठी कुणाचं नाव वा चित्र वापरायचं तर आधी लेखी संमती हवी, अज्ञान मुलांसाठी आईवडिलांची किंवा पालकाची. तो कायदा न्यूयॉर्कमध्ये आजही आहे. मुलगी खटला हरली, पण तिच्यामुळे पुढच्यांना कायदा मिळाला.

गंमत पुढेच आहे. १९०४ साली हेच पार्कर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. फोटोग्राफर त्यांच्या मागे लागले. घरीदारी, उठता-बसता फोटो! पार्कर कंटाळले, मला मोकळेपणानं वावरू द्या म्हणाले. तेव्हा अ‍ॅबिगेलनं त्यांना पत्र लिहिलं आणि ते जुलै महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं. तुमच्याच निकालाप्रमाणे तुम्हाला असा हक्क नाही, याची आठवण तिनं करून दिली. स्वतःवर कॅमेरा रोखला गेला, तेव्हा न्यायाधीशांनाही तो बोचला.

आता आपल्याकडे काय? अ‍ॅबिगेलमुळे झालेला कायदा फोटो वापरण्याबद्दल होता, रस्त्यावर फोटो काढण्याबद्दल नव्हता. आपल्याकडेही भर रस्त्यात फोटो काढणं हा सरसकट गुन्हा नाही. पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे बाई अंघोळ करताना किंवा शौचाला बसलेली असताना, अशा खासगी वेळी तिचा फोटो काढणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. अशा फोटोला बाईनं स्वतः होकार दिला असला, पण तो पसरवायला दिला नसला, तरी पसरवणारा गुन्हेगार ठरतो. काढायची परवानगी वेगळी आणि पसरवायची वेगळी, ही गोष्ट प्रत्येकीनं पक्की लक्षात ठेवावी.

बाकीच्या वेळी, जिथे कायदा थेट धावून येत नाही, तिथे आपला गट आहे. बैठकीला पाहुणे आले, साहेब आले, तर फोटोआधी तीन गोष्टी विचारायच्या: कशासाठी, कुठे छापणार, कुणाला दाखवणार? एकीनं नको म्हटलं तर तिला बाजूला बसू द्यायचं. तिनं कारण सांगायची गरज नाही. हाच नियम आपल्या हातातल्या मोबाईललाही लावायचा. हळदीकुंकवाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्यातल्या सगळ्यांना विचारायचं. येत्या बैठकीत हा ठराव मांडा आणि वहीत लिहून ठेवा.